वसईतले चर्चमधले लग्न आणि गाऊनचा घाट : कमी उंचीच्या नवरीला काय शोभेल?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. ईस्टर झाल्यावर, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागाच्या चर्चमध्ये, माझे लग्न आहे. मिस्सा, म्हणजे लग्नाची चर्चमधली उपासना, दुपारी चार वाजता, त्यानंतर चर्चच्या आवारात फोटो आणि सातपासून मैदानात मंडप घालून रिसेप्शन. आदल्या दिवशी नेसायचे लुगडे आजीने केव्हाच ठरवून टाकले आहे आणि त्यावर चर्चा करण्याची माझी प्राज्ञा नाही. प्रश्न आहे तो पांढऱ्या गाऊनचा.

माझी उंची ५ फूट १ इंच. छाती ३३, कंबर २८, सीट म्हणजे नितंबाचा घेर ३९, आणि खांदे अरुंद. दुकानांत जाऊन निरनिराळ्या घाटांचे गाऊन घालून पाहिले. गुडघ्यापर्यंत घट्ट बसणारा फिशटेल आरशासमोर उभे असताना सुंदर दिसला, पण ट्रायल रूमची पायरी उतरताना काकूचा हात धरावा लागला. अफाट घेराचा बॉल गाऊन घातल्यावर आईने एवढेच विचारले, "यात मुलगी कुठे आहे?" ए-लाइन घालून पाहिले ते दोन : त्यातला एक अंगावर अगदी बसला आणि दुसऱ्यात मी बुटकी व रुंद दिसू लागले. दोन्हींवर चिठ्ठी ए-लाइनचीच होती, मापही एकच होते.

इंटरनेटवर जिकडेतिकडे नासपती, सफरचंद, वाळूचे घड्याळ असे शरीरयष्टीचे तक्ते आहेत आणि त्या हिशेबाने मी नासपती ठरते, म्हणजे ए-लाइन घ्यावा असे उत्तर मिळते. पण मग दोन ए-लाइनमध्ये एवढा फरक का पडला, हे कोणी सांगत नाही. गाऊन शिवूनच घेणार आहे, त्यामुळे शिंप्याला नेमके काय सांगायचे ते कळले तर फार बरे होईल.

टाकेवाली

सोनचाफा, अभिनंदन. वसई पट्ट्यात लग्नाचे गाऊन शिवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

फळांचे तक्ते खोटे नाहीत, पण ते अर्ध्यावर थांबतात. ए-लाइन म्हणजे वर अंगासरशी आणि खाली सरळ रेषेत रुंदावत जाणारा गाऊन, एवढेच त्या नावातून कळते. तो शोभेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरते : कमरेची शिवण कुठे पडते, घेर कुठून सुटतो आणि कापड किती ताठ आहे. तुमच्या दोन गाऊनमध्ये पहिल्या दोन गोष्टींत फरक असणार, असे मी न पाहताही सांगू शकते. जो वाईट दिसला त्याची शिवण कमरेखाली, नितंबाच्या हाडावर होती का? आणि घेर तिथून सुटत होता का? कमर आणि सीट यांच्या मापांत तुमच्याकडे ११ इंचांचा फरक आहे. घेर खालून सुटला की कापड सीटवर ताणले जाते, सर्वांत रुंद जागी आडवी रेघ उठते आणि पाहणाऱ्याचा डोळा नेमका तिथेच जातो. घेर कमरेपासूनच सोडला तर कापड सीटला न चिकटता तिच्यावरून निसटून खाली जाते, आणि दिसते ती फक्त २८ इंचांची कमर.

उंचीचा हिशेबही इथेच लागतो. ६१ इंच उंचीच्या मुलीची कमर जमिनीपासून साधारण ३८ इंचांवर येते. शिवण कमरेवर किंवा कमरेच्या इंचभर वर घेतली तर वरचा भाग आखूड आणि स्कर्ट लांब दिसतो, म्हणजे पाय लांब दिसतात. हीच शिवण तीन इंच खाली उतरवली तर पायांची लांबी तेवढी खाल्ली जाते. साडेपाच फुटांच्या मुलीला ते चालून जाते. पाच फूट एक इंचाला चालत नाही.

माझे मत विचाराल तर कमरेवर आडवी शिवणच नको. प्रिन्सेस कट घ्या : मुंढ्यापासून निघून छातीवरून थेट खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या शिवणी, आणि त्याच शिवणींतून खाली कळ्यांचा, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या उभ्या पट्ट्यांचा घेर. डोळा वरून खाली सरकत राहतो, मध्ये अडत नाही. सहा कळ्यांऐवजी आठ घेतल्या तर प्रत्येक कळीला थोडा थोडा फुलोरा देता येतो आणि स्कर्ट एकसारखा पडतो. खालचा घेर १२० ते १४० इंच पुरे. त्याहून जास्त घेतलात की पुन्हा आईचा प्रश्न उभा राहील.

अहिल्यानगरकर

आमच्या भागात कित्येक ख्रिस्ती नवऱ्या आजही पांढरी साडीच नेसतात आणि त्यांच्यापुढे घाटाचा हा सगळा प्रश्नच येत नाही, कारण निऱ्यांच्या उभ्या रेघा उंची देतात, पदर सीट झाकतो आणि माप चुकण्याची भीती नसते. वसईकरांनी साडीचा विचार का करू नये?

सोनचाफा

माझ्या धाकट्या आत्याने पांढरी साडीच नेसली होती आणि ती देखणी दिसत होती. पण मला गाऊनच हवा आहे, लहानपणापासून. तेवढे एक गृहीत धरून पुढे बोलू या.

टाकेवाली ताई, तुमचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. फोटो मोठे करून पाहिले. चांगल्या दिसलेल्या गाऊनची शिवण बेंबीच्या वर होती. दुसऱ्यात पुढच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखे टोक काढून शिवण खाली उतरवलेली होती.

टाकेवाली

त्याला बास्क कंबर म्हणतात आणि सध्या ती फार चालते आहे. टोकामुळे कंबर बारीक भासते हे खरे, परंतु धड लांब होते आणि पाय तोकडे. फारच आवडत असेल तर टोक दीड इंचापेक्षा खाली नेऊ नका आणि बाजूची शिवण कमरेवरच राहू द्या.

जुनी_पाने

प्रसिद्ध गाऊन पाहून घाट ठरवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून थोडे विषयाशी धरूनच लिहितो. ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांचा १९८१ चा लग्नाचा गाऊन रेशमी टॅफेटाचा होता, बाह्या फुगीर, घेर अफाट आणि ट्रेन, म्हणजे मागे जमिनीवर पसरणारा भाग, २५ फुटांची. नेसणारी बाई सुमारे ५ फूट १० इंच उंच होती, म्हणून ती त्या कापडात हरवली नाही. तरीही घोडागाडीतून उतरताना टॅफेटावर पडलेल्या चुण्या त्या दिवशीच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात.

याच्या उलट टोकाला २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी यांच्या नवरीने, मेगन मार्कल यांनी घातलेला, जिवाँशी या फॅशन हाउससाठी क्लेअर वेट केलर यांनी केलेला गाऊन. त्यात नक्षी जवळजवळ नाही. जाडसर रेशमी कापड, मोजक्या शिवणी आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवा गेलेला बोट नेक. सगळे लक्ष चेहऱ्याकडे आणि खांद्यांच्या रेषेकडे जाते. हॉलिवूडच्या अभिनेत्री ग्रेस केली यांच्या १९५६ च्या, हेलन रोझ यांनी केलेल्या गाऊनमध्ये वर बंद गळा व लेसच्या पूर्ण बाह्या, कंबर घट्ट आणि खाली घंटेसारखा स्कर्ट आहे. २०११ मध्ये सारा बर्टन यांनी केट मिडलटन यांच्यासाठी केलेला गाऊन पाहताना त्याचीच आठवण होते. सोनचाफा यांना या चारांतून काही उचलायचेच झाले तर मी मेगन यांचा गळा आणि ग्रेस केली यांची कंबर उचलेन, आणि डायना यांचे काहीही उचलणार नाही.

टाकेवाली

गळ्याबद्दल अनुमोदन. खांदे अरुंद आणि सीट रुंद असेल तेव्हा खालचे झाकत बसण्यापेक्षा वरचे रुंद करणे सोपे पडते. बोट नेक ते काम करतो. ऑफ शोल्डरही करतो, पण त्यात दंड बांधल्यासारखे होतात. चर्चबाहेर शंभर माणसे गळ्यात पडणार आणि नंतर नाचायचे, तेव्हा हात खांद्याच्या वर गेलाच नाही तर कसे होईल?

अनघा_मेलबर्न

धागा वाचते आहे आणि एक गोष्ट खटकते आहे. शोभणे म्हणजे बारीक आणि उंच दिसणे, हे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे. माझे सीटचे माप ४५ आहे. इथे माझ्या लग्नात मी सीटवर घट्ट बसणारा ट्रम्पेट घाट मुद्दाम घातला, कारण मला माझे अंग दाखवायचे होते, लपवायचे नव्हते. तो मला शोभला असे मी आजही म्हणेन. सोनचाफा यांना फिशटेल आरशात सुंदर वाटला होता. मग त्यांना फक्त पायरी उतरता आली नाही म्हणून तो बाद का करायचा?

फिशटेल आणि ट्रम्पेट यांत फरक आहे. फिशटेल गुडघ्यापर्यंत किंवा त्याही खाली घट्ट राहतो आणि मग एकदम फुलतो. ट्रम्पेट मांडीच्या मध्यावर सुटतो. कमी उंचीला गुडघ्याखालची फुगी पायांचे दोन तुकडे करते, ट्रम्पेट तेवढे करत नाही आणि पाऊलही मोकळे पडते.

तयार गाऊन घेणाऱ्यांसाठी आणखी एक : लग्नाच्या गाऊनचे आकडे रोजच्या कपड्यांच्या आकड्यांशी जुळत नाहीत, बहुधा एक-दोन आकडे वरचेच लागते. तेव्हा आकड्याकडे पाहून खट्टू होऊ नये. आपले सर्वांत मोठे माप ज्यात बसेल तो गाऊन घ्यावा आणि बाकीचा आत घ्यावा. घट्ट गाऊन सैल करणे बहुतेक वेळा अशक्य असते.

टाकेवाली

अनघा, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या आयांना तो ऐकवणारही आहे. ट्रम्पेटबद्दल मात्र माझी अडचण वेगळी आहे. कॅथलिक मिस्सेत नवरीला उभे राहावे लागते, बसावे लागते आणि आशीर्वादाच्या प्रार्थनेला वेदीपुढे गुडघेही टेकावे लागतात, आणि हे सगळे तासाभरात पुन्हा पुन्हा. बसल्यावर सीटचे माप दीड-दोन इंचांनी वाढते. म्हणून घट्ट घाट शिवताना मी मुलीला खुर्चीवर बसवून दुसऱ्यांदा माप घेते आणि त्या मापाला कापते. मग उभे राहिल्यावर तो थोडा ढिला दिसतो आणि मुली म्हणतात, "आरशात पाहिला तसा नाही झाला." दुकानातला ट्रम्पेट उभे राहण्यासाठी कापलेला असतो. रजिस्टर पद्धतीच्या लग्नाला तो चालतो, मिस्सेला अवघड जातो. क्रेपमध्ये थोडा लवचीक धागा असलेले कापड मिळाले तर मार्ग निघतो, पण ते कापड अंगावरचा प्रत्येक टाका आणि आतल्या कपड्याची प्रत्येक कड दाखवते.

कॅमेरावाला_पालघर

लग्नांचे फोटो काढतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. मिस्सेच्या वेळी नवरा-नवरी बराच वेळ वेदीकडे तोंड करून असतात. लोकांना आणि आमच्या कॅमेऱ्याला त्या तासाभरात दिसते ती पाठ. तरीही मुली गाऊन निवडताना आरशात फक्त समोरून पाहतात. पाठीचा गळा, मागची बटणे, कमरेच्या मागच्या भागाचा बसाव आणि ट्रेन नीट पसरते का, हे कोणाकडून तरी फोनवर व्हिडिओ काढून घेऊन पाहा. चालतानाचा आणि गुडघे टेकतानाचाही घ्या.

चकचकीत साटनवर व्हिडिओवाल्यांचा दिवा पडला की पोट आणि सीट यांच्यावर पांढरे डाग उमटतात आणि ते भाग आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. मंद चमकेचे कापड नेहमीच चांगले येते.

सोनचाफा

पाठीचा विचार खरेच केला नव्हता. आता कापडाकडे येऊ का? मला मे महिन्याची धास्ती आहे.

टाकेवाली

धास्ती योग्यच आहे. घाट कागदावर काढला जातो, पण अंगावर तो कापडच धरते. मिकाडो जाड आणि ताठ असते, अंगापासून थोडे दूर उभे राहते, त्यामुळे ए-लाइनची रेघ धारदार येते आणि सीट झाकली जाते. चमकही मंद. दोष एवढाच की ते उबदार आहे. ऑर्गंझा हलका आणि ताठ, पण पारदर्शक असल्याने खाली थर लागतात. नेट सर्वांत हलकी, मात्र तिला स्वतःचा आकार नाही. साटन जड पडते आणि कॅमेरावाल्यांनी सांगितलेला त्रास देते. उरेब म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेल्या रेशमी स्लिप गाऊनचा विचारही तुमच्या मनात आला असेल, जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांच्या पत्नी कॅरोलिन बेसेट यांनी १९९६ मध्ये लग्नात घातलेल्या गाऊनमुळे तो दर काही वर्षांनी परत येतो. उरेब कापड अंगावर पाण्यासारखे उतरते, पण ते लोंबून लांबते, म्हणून शिवल्यावर टांगून ठेवून मगच खालची कड कापावी लागते. शिवाय ते आतल्या आधाराला जागाच देत नाही. तुमच्या ३३ व ३९ च्या मापांना मी तो सुचवणार नाही.

तुमच्यासाठी : वरचा भाग पातळ मिकाडोचा, स्कर्टला त्याचेच दोन-तीन इंच कमी घेराचे अस्तरासारखे कापड आणि वर ऑर्गंझा. अंगाला लागणारे अस्तर पॉलिएस्टरचे मुळीच नको, मऊ सुती केंब्रिक घ्या. वसईच्या मे महिन्यातल्या दमट दुपारी पॉलिएस्टरचे अस्तर पाठीला चिकटते आणि मग उत्तम कापलेला गाऊनही वर चढू लागतो.

मडगावकरीण

गोव्याहून लिहिते आहे. आमच्याकडे रिसेप्शनमध्ये बँडवर नाच तासन्‌तास चालतो, त्यामुळे गाऊन जागच्या जागी राहणे हा आमचा जिव्हाळ्याचा विषय. खांद्याला पट्टे नसलेला गाऊन निवडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : असा गाऊन छातीवर टिकत नाही, कमरेवर टिकतो. आतून कमरेला न ताणणारी, बोटभर रुंद पट्टी अस्तराला जोडून घ्यावी आणि ती चेन लावण्याआधी हुकांनी बंद करावी. गाऊनचे सगळे वजन त्या पट्टीवर येते आणि वरचे बोन, म्हणजे आत शिवलेल्या ताठ काड्या, फक्त आकार धरतात. पट्टी नसेल तर नवरी रात्रभर दोन्ही हातांनी गाऊन वर ओढताना दिसते. कमी सीटच्या मुलीला तो घसरण्याची भीती जास्त, सोनचाफा यांना कमी. पट्टी मात्र पट्टे असलेल्या जड गाऊनलाही लावून घ्यावी, खांद्यांना आराम पडतो.

आमच्याकडे सासरकडून साडो, म्हणजे नवरीचा लाल पोशाख, येतो, म्हणजे एका लग्नात दोन कपडे असतात आणि पांढऱ्या गाऊनने सगळे काही करून दाखवावे अशी अपेक्षा राहत नाही. तुमच्याकडेही लुगडे आहेच. त्यामुळे गाऊनवर जरीकाम, मणी आणि लेस सगळे एकदम लादण्याची गरज नाही. उभ्या शिवणींचा गाऊन मोकळाच चांगला दिसतो.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. शिंप्याकडे जाताना पुढीलप्रमाणे सांगावे असे ठरवले आहे : प्रिन्सेस कट ए-लाइन, आडवी शिवण नाही, आठ कळ्या, समोर बोट नेक आणि मागे जरा खोल गळा, लेसच्या कोपरापर्यंत बाह्या, आत कमरेची पट्टी, सुती अस्तर. ट्रेन हवी आहे, पण मैदानात ती मातीत लोळेल असे आई म्हणते.

टाकेवाली

ट्रेन दीड-दोन फुटांचीच ठेवा. तुमच्या उंचीला त्यापुढची ट्रेन मागे ओढल्यासारखी वाटते आणि वर वेल, म्हणजे डोक्यावरून मागे सोडलेला झिरझिरीत पडदा, असणारच आहे. प्रियंका चोप्रा यांची वेल ७५ फुटांची होती, पण ती धरायला माणसेही होती. रिसेप्शनआधी ट्रेन उचलून अडकवण्यासाठी मागच्या शिवणींवर, कमरेखाली, कापडाचीच मढवलेली तीन लहान बटणे आणि ट्रेनच्या आतल्या बाजूला दोऱ्याचे तीन फासे करायला सांगा. ते अडकवायचे कसे हे करवलीला आधी दाखवून ठेवा, ऐनवेळी कोणालाच जमत नाही.

शिंप्याला महागडे कापड हातात देण्याआधी मांजरपाटाचा नमुना कच्च्या टाक्याने शिवायला सांगा. काही जण कां-कू करतील, जास्तीचे पैसे मागतील, ते द्या. तो नमुना घालून खुर्चीवर बसा, गुडघे टेका, दोन पायऱ्या चढा, दोन्ही हात वर करा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करून घ्या. गाऊनच्या शिवणींत दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, ठेवायला सांगा, कारण लग्नाच्या आदल्या महिन्यात कोणी वाळते तर कोणी भरते. खालची कड मात्र बूट आणल्याशिवाय कापू देऊ नका. अडीच इंचांची रुंद टाच घ्या, टोकदार टाच मैदानात रुतेल. बूट घालून उभे राहिल्यावर समोरची कड जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर हवी.

सोनचाफा

शेवटची शंका. घेर उभा राहावा म्हणून आत हूप म्हणजे कड्यांचा सांगाडा घालू की कॅनकॅन, म्हणजे ताठ नेटचे थर?

टाकेवाली

हूप नको. गाडीत बसताना त्याची पुढची कडी वर येते आणि गुडघे टेकताना तो मागून उचलला जातो, म्हणजे कॅमेरावाल्यांना नको ते दिसेल. मिकाडो थोडे ताठ असल्याने कॅनकॅनचे दोन थर पुरतील, पण ते कमरेपासून लावू देऊ नका, नाहीतर सीटवर आणखी दोन इंच चढतील. कमरेखाली आठ-नऊ इंच साधे सुती कापड आणि त्याच्या खालच्या कडेला कॅनकॅन जोडायला सांगा. खालची कड सुती पट्टीने मढवून घ्या, नाहीतर ती पोटऱ्यांना टोचत राहते. हे शिंप्याला कळ्या कापण्याआधी सांगायचे, कारण आतल्या थरांमुळे स्कर्टची लांबी थोडी वर उचलली जाते आणि तेवढे कापड त्याला आधीच धरावे लागते.